बॅकअप काढला

आमच्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी. रविवारी बाकीचं जग लोळत असतं तेव्हा चाकणच्या लाइनी धडधडत असतात आणि गुरुवारी सगळीकडे सामसूम. त्यामुळे बारसं, साखरपुडा, दाताचा डॉक्टर आणि कारखान्यातली मोडतोडीची कामं, सगळं आम्ही गुरुवारवर ढकलतो. सर्व्हरचं अपग्रेडही मी गुरुवारीच ठरवलं होतं. सकाळी निघताना सासूबाई म्हणाल्या, "सुट्टीच्या दिवशी बी जायलीस का?" त्या बीडच्या. त्यांच्या साध्या प्रश्नातही अर्धा टोमणा असतो. मी म्हटलं, "आजच्या दिवस जाते, म्हणजे बाकीच्या दिवशी वेळेवर येता येईल."

हे काही मी उगाच म्हटलं नव्हतं.

माझं ऑफिस तळवड्याला, कारखाना चाकणला आणि घर चऱ्होलीला. आम्ही गाड्यांचे सुटे भाग बनवतो. भाग तयार झाला की शेवटी एक कॉम्प्युटर त्याची तपासणी करतो. बरोबर असेल तर पुढे, नसेल तर बाजूला. काय तपासायचं आणि कसं, ते सांगणारे प्रोग्रॅम आमचा विभाग लिहितो. प्रोग्रॅम तयार झाला की त्याचं गाठोडं बांधायचं, वर नाव आणि नंबर टाकायचा. या गाठोड्याला पॅकेज म्हणतात. पूर्वी हे पॅकेज पेनड्राइव्हवर घालून कोणीतरी चाकणला न्यायचं. ते कोणीतरी म्हणजे बहुतेक वेळा मी.

ते दिवस आठवले तरी कंबर दुखते. दुपारी फोन यायचा की नवा प्रोग्रॅम पाहिजे. तो तयार करून चाकणला पोचेपर्यंत संध्याकाळ. तिथे कॉम्प्युटरवर आधीच चार जणांच्या पेनड्राइव्हमधून आलेल्या चार आवृत्त्या असायच्या, त्यातली खरी कुठली हे कुणालाच माहीत नसायचं. ते निस्तरून परत निघावं तर मोशीपर्यंत ट्रेलरच्या मागे ट्रेलर. घरी पोचले की मुलगी झोपलेली. असं आठवड्यातून दोनदा, तीनदा. एकदा शाळेत बाईंनी विचारलं, पालकसभेला कोण येणार? तर ही ठामपणे म्हणाली, "आजी येईल. आई चाकणला राहते." सासूबाईंनी मला ते हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे जाऊन बसले.

साहेबांना मी सर्व्हर मागितला. खासगी पॅकेज सर्व्हर म्हणजे घरचं कोठीघर. सगळी पॅकेजेस एकाच ठिकाणी, नाव-नंबर लावून. चाकणचा कॉम्प्युटर सुरू झाला की तो स्वतःच तळवड्याच्या सर्व्हरला विचारणार, माझ्यासाठी काय आहे? जे असेल ते घेणार आणि कामाला लागणार. कुणी कुठे जायला नको. साहेबांना पटायला वेळ लागला, पण मी चिवट आहे. रोज त्यांच्या डोक्याशी भुणभुण लावली, शेवटी कंटाळून हो म्हणाले. सर्व्हर उभा राहिला आणि मी दिवे लागायच्या वेळी घरी यायला लागले. मुलीचा अभ्यास घेऊन तिच्याबरोबर जेवायला लागले. यापलीकडे मला त्या यंत्राकडून काही नको होतं.

आता त्याची आवृत्ती जुनी झाली होती, बदलणं भाग होतं. साहेब म्हणाले, "करा. पण शुक्रवारी पहिल्या शिफ्टला लाइन उभी राहिली तर मी काही ऐकून घेणार नाही. तुमचा सर्व्हर बंद, पुन्हा पेनड्राइव्ह. प्लान्टवाले आधीच म्हणतायत, आमचं जुनंच बरं होतं." कारखान्यात 'उभी राहिली' म्हणजे थांबली. बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं. आमच्याकडे शब्दांचे अर्थ असे उलटेपालटे होतात. त्याचाच फटका आम्हाला पुढे बसला.

सर्व्हरवर नजर ठेवायचं काम, आम्ही सगळे ज्यांना काका म्हणतो, त्यांच्याकडे होतं. काका चाकणजवळच्या गावचे. उभी हयात प्लान्टच्या मेंटेनन्सला काढली. गुडघे बोलायला लागले तेव्हा त्यांना ऑफिसात, माझ्या शेजारी आणून बसवलं. मी भिंतीवरच्या एका जुन्या टीव्हीवर सर्व्हरची तब्येत दाखवणारं पान लावून दिलं होतं. ठीक असेल तर हिरवं, सांभाळून राहायचं असेल तर पिवळं, गडबड असेल तर लाल. काकांना ते पान फार आवडायचं. डबा खातानाही तोंड टीव्हीकडे. प्लान्टमध्ये मशीनवर पिवळा दिवा लागला आणि कुणी धावलं नाही तर ती बेअब्रू समजतात, आणि काकांनी ती शिस्त सोबत आणली होती. आमच्या पानावरचा एक चौकोन मात्र काही दिवसांपासून पिवळा होता. बॅकअप ठेवायची डिस्क भरत आली होती. मी म्हणायचे, असू द्या काका, तेवढं चालतं. काका मान हलवायचे, पण त्यांना ते चालत नव्हतं.

अपग्रेडच्या आधी सगळ्याची ताजी प्रत हाताशी हवी. मंगळवारी मी त्यांना एका कागदावर कमांड लिहून दिली आणि घाईघाईत म्हटलं, "काका, उद्या सकाळी आठवणीने बॅकअप काढा." बुधवारी संध्याकाळी पर्स उचलता उचलता विचारलं, "काका, बॅकअप काढला ना?"

"व्हय ताई, काढला की. सगळाच काढला," काका म्हणाले. "त्या कागदाची बी गरज न्हाई लागली. आता हिरवं हाय बघा."

मी टीव्हीकडे पाहिलं. खरंच, सगळे चौकोन हिरवेगार. मनात म्हटलं, काकांचं काम म्हणजे चोख. आणि खुशाल घरी गेले.

गुरुवारी सकाळी ऑफिसात आम्ही दोघंच. चहा झाला, अपग्रेड सुरू केलं. निम्म्यापर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग नव्या आवृत्तीला जुन्या पॅकेजची मांडणी पटेना आणि तिने मधेच मान टाकली. जुनं अर्धं हललेलं, नवं अर्धं बसलेलं, दोन्ही वापरायच्या लायकीचं नाही. मी घाबरले नाही. अशा वेळेसाठीच बॅकअप असतो. बॅकअपची डिस्क उघडली. ती आमच्या लग्नाच्या हॉलसारखी, पाहुणे गेल्यानंतरची. रिकामी.

"काका, बॅकअप कुठाय?"

"काल काढला न्हाई का?"

"हो, पण काढून ठेवला कुठे?"

"ठिवायचा कशाला?" काका गोंधळून म्हणाले. "तुमीच म्हनलात काढा. काढला म्हंजी काढला. जागा रिकामी केली. पिवळं होतं ना ते किती दिस."

मला कळायला थोडा वेळ लागला. आणि कळलं तेव्हा मी जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. काका वयाने माझ्या वडिलांएवढे, पण त्या वेळी मला वय-बिय काही दिसत नव्हतं. मला दिसत होता मोशीचा सिग्नल आणि झोपलेली मुलगी. संतापाच्या भरात मी सर्व्हरचं बटण दाबून तो बंदच करून टाकला. त्याला कामाचं काहीही कारण नव्हतं. घरी राग आला की मी आधी गॅस बंद करते, मग भांडते. तीच सवय.

काकांनी पाण्याची बाटली माझ्यापुढे ठेवली. पाणी प्यायल्यावर डोकं चालायला लागलं. बहुतेक पॅकेजेस आम्हाला पुन्हा बांधता येणार होती, कारण त्यांचे मूळ प्रोग्रॅम आमच्याकडे होते. दुपारभराचं काम. एक सोडून. ते एक पॅकेज भोसरीच्या एका माणसाने बांधून दिलेलं, जुन्या भागाच्या तपासणीचं. त्याने धंदा गुंडाळला, तो कोकणात गावी गेला, आणि मूळ प्रोग्रॅम कुठे गेला ते त्यालाही सांगता येत नव्हतं. आणि शुक्रवारी पहिल्या शिफ्टला नेमका तोच भाग लाइनवर लागणार होता.

त्याची एकच प्रत आता जगात होती. चाकणच्या त्या तपासणीच्या कॉम्प्युटरमध्ये. तो सर्व्हरकडून जे घेतो त्याची एक नक्कल स्वतःजवळ ठेवतो.

पण त्यातही मेख होती. पेनड्राइव्हच्या काळातला तो चार आवृत्त्यांचा गोंधळ मला इतका नकोसा झाला होता की मी त्या कॉम्प्युटरला सक्त शिकवून ठेवलं होतं: सुरू झालास की सर्व्हर गाठ, तो भेटला की जुन्या नकला फेकून दे आणि जे असेल ते नव्याने घे. म्हणजे कुणी तो कॉम्प्युटर सुरू केला आणि त्याला आमचा हा मोडका, अर्धवट सर्व्हर सापडला, की खेळ खलास. बंद केलेला सर्व्हर कुणीही येऊन चालू करू शकत होतं, आणि त्याची वायरच उपसून ठेवावी हे त्या घाईत मला सुचलं नाही. आणि गुरुवार म्हणजे मेंटेनन्सचा वार. प्लान्टमध्ये माणसं होती.

फोन लावले. शॉपफ्लोअरवर मोबाइल न्यायला बंदी, सगळ्यांचे फोन गेटवरच्या कपाटात वाजत असणार. गेटवरचा सिक्युरिटीवाला म्हणाला, "निरोप देतो ताई." पण निरोपावर भरवसा ठेवावा असा तो दिवस नव्हता.

काका उठले, टेबलावरची किल्ली घेतली. "बसा गाडीवर," म्हणाले. "मोशीकडनं नगं. आमच्या वाटंनं जाऊ."

त्यांची वाट म्हणजे देहूच्या अंगाने येलवाडी, खालुंब्रे करत म्हाळुंग्याला. एका बाजूला ऊस आणि दुसऱ्या बाजूला गोदामांचे पत्रे. काका मान ताठ ठेवून चालवत होते. तसेच म्हणाले, "ताई, मेंटेनन्सला बेअरिंग काढा म्हनलं की बेअरिंग भाईर. मोटार काढा म्हनलं की मोटार भाईर. मला वाटलं, तसंच."

"आणि फोटो काढा म्हटलं की?"

काका विचारात पडले. खड्डा चुकवला. "तवा माणूस भाईर न्हाई काढत," म्हणाले.

"तिकीट काढा म्हटलं तर तिकीट फाडून टाकता का?"

"आन् बँकेतनं पैशे काढलं तर खात्यात ऱ्हात्यात का?" काकांनी मागे वळून विचारलं. मी ओरडले, "पुढे बघा!"

आता मला हसू आवरेना. इतका मोठा घोळ आणि दोघंही खरं बोललो होतो. मी विचारलं काढला का, ते म्हणाले काढला. इंग्रजीत म्हटलं असतं, तर हे झालंच नसतं. एवढी दांडगी भाषा आपली, आणि तिच्यात ठेवून घ्यायला आणि फेकून द्यायला एकच शब्द! काकाही खांदे हलवत हसायला लागले. तेवढ्यात समोर प्लान्टची भिंत दिसायला लागली.

गेटवर फोन जमा केले, पेनड्राइव्हची नोंद केली. हो, पेनड्राइव्ह. ज्याच्या नावाने मी बोटं मोडत होते तोच घेऊन मी आत चालले होते. शेडमध्ये अर्धे दिवे बंद. ओल्या फरशीचा आणि ग्रीसचा वास. लाइनच्या टोकाला, जिथे आमचा कॉम्प्युटर असतो, तिथे उजेड दिसत होता. स्क्रीनचा उजेड. काका त्या गुडघ्यांनिशी धावले, त्यांच्यामागे मी.

कॉम्प्युटर सुरू होता. शेजारी एक फिटर पॅनेल पुसत उभा. "सप्लाय आत्ताच दिला राव," तो म्हणाला. "काय झालं?"

काकांनी कॉम्प्युटरच्या मागे हात घातला आणि नेटवर्कची वायर खसकन उपसली. मग स्क्रीनकडे बघून मला हाक मारली, "ताई, हे काय म्हनतंय?"

स्क्रीनवर लिहिलं होतं की सर्व्हर सापडत नाही, पुन्हा प्रयत्न करत आहे.

सापडणार कसा? मी तो रागाने बंद करून आले होते ना! तो बिचारा कॉम्प्युटर सर्व्हरला हाका मारत बसला होता, आणि सर्व्हर भेटेपर्यंत त्याने काही फेकायचं नव्हतं. आत शिरून बघितलं. भोसरीवाल्याचं पॅकेज जागच्या जागी होतं. पेनड्राइव्हवर घेतलं, उघडून पाहिलं, पुन्हा एकदा घेतलं. मग मी तिथेच, त्या ओल्या फरशीवर, फतकल मारून बसले. कपड्यांचा विचार करण्याच्या पलीकडे गेले होते. काका शेजारी खाली बसले आणि रुमालाने तोंड पुसत राहिले. फिटर आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होता. शेवटी म्हणाला, "चहा सांगू का?" इतका गोड चहा मी आयुष्यात कधी प्यायले नव्हते. निघताना फिटरला बजावलं, ही वायर उद्या पहिल्या शिफ्टलाच लावायची.

गेटवर फोन परत घेतला तर साहेबांचे कॉल येऊन पडलेले. लावला. ते म्हणाले, "अहो मॅडम, सहज ऑफिसला आलो तर सर्व्हर बंद. तुम्ही दोघं गायब. मी चालू केलाय आत्ताच."

काकांना सांगितलं तर ते नुसते आकाशाकडे बघून हात जोडते झाले. आम्ही वाटेत कुठे चहाला थांबलो असतो तर काय झालं असतं, हे दोघांनाही कळत होतं.

परत आल्यावर मी साहेबांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. ते आधी लाल झाले. मग 'काढला' शब्दापाशी आले आणि चष्मा काढून डोळे पुसायला लागले, इतके हसले. पण हसणं थांबल्यावर म्हणाले, "ते ठीक आहे. उद्या सकाळचं काय?" शब्द फिरवणारा माणूस नाही तो.

दुपारभर आम्ही खपलो. नवी आवृत्ती कोऱ्या डिस्कवर उभी केली, एकेक पॅकेज पुन्हा बांधून तिच्यात ठेवलं, शेवटी भोसरीवाल्याचं. त्याची प्रत मी तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवली. मग ताजा बॅकअप. या वेळी काकांनी कागदावरची कमांड मोठ्याने वाचत स्वतःच्या हाताने दिली, आणि डिस्क उघडून, आत फाइल दिसते आहे हे मला बोट ठेवून दाखवलं. डिस्कचा तो चौकोन पुन्हा पिवळा झाला. "असू द्या," काका म्हणाले. "तेवढं चालतंय."

शुक्रवारी सकाळी कंपनीच्या बसमधून आम्ही लवकरच पोचलो. साहेबही आलेले. तिघं टीव्हीसमोर उभे, क्रिकेटची शेवटची ओव्हर असल्यासारखे. चाकणला शिफ्ट सुरू झाली. चाकणच्या कॉम्प्युटरचा चौकोन आधी राखाडी, मग पिवळा. पिवळा. अजून पिवळाच. काकांनी माझं मनगट धरलं होतं आणि ते त्यांच्या लक्षातही नव्हतं. मग हिरवा. थोड्या वेळाने प्लान्टमधून फोन आला. साहेबांनी घेतला, "हां, हां," केलं आणि ठेवला.

"लाइन चालू आहे," ते म्हणाले. मग म्हणाले, "मॅडम, एक करा. चाकणला ज्यांच्याकडे पेनड्राइव्ह असतील ते सगळे जमा करून घ्या. आता लागणार नाहीत."

मी "हो सर" म्हटलं आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. छातीवरचा धोंडा उतरतो म्हणतात तो खरंच उतरतो, जाणवतो. काका मागून म्हणाले, "ताई, आजपासनं आमी काढत न्हाई. घेतो." आणि दुपारी त्यांनी खरंच जाहीर केलं की मी आता डबा बाहेर घेतो. विभागात कुणी चुकून 'बॅकअप काढ' म्हणालं तर आजही बाकीचे एका सुरात ओरडतात, 'घे!'

त्या दिवशी मी उन्हं असतानाच घरी पोचले. लिफ्टमध्ये एकटीच हसत होते. दार मुलीने उघडलं. मागे टीव्हीवर तिचं कार्टून जोरात चाललेलं, सोफ्यावर सासूबाई पेंगत होत्या. मला बघून तिने कपाळाला आठ्या घातल्या.

"तू रोज इतक्या लवकर का येतेस गं? आजी अजून बघू देते."

मी तिला धरून जवळ ओढली. ती अंग चोरत होती, एक डोळा टीव्हीवर. म्हटलं, "आता रोजच येणार."

"रोज?"

"रोज."

तिचं तोंड एवढंसं झालं. पाय आपटत गेली आणि दप्तर घेऊन आली.